आजोबा, तुमचं गाव दाखवा ना!

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या लहानपणाविषयी विचारलं, की दोन तऱ्हा पाहायला मिळतात. एक आजोबा असे, की एकदा सुरू झाले म्हणजे थांबायचं नाव घेत नाहीत. विहिरीत मारलेल्या उड्या, मास्तरांची छडी, आण्याला मिळणारी ओंजळभर बोरं... ऐकून ऐकून नातवंडांना सगळं पाठ झालेलं असतं. दुसरे आजोबा अगदी उलट. ‘त्यात काय सांगायचं? झालं ते झालं!’ एवढं बोलून ते पेपर तोंडासमोर धरतात. गंमत अशी, की ज्यांच्यापाशी सांगण्यासारखं खरोखरच काही असतं, ते बहुधा या दुसऱ्या तऱ्हेचे असतात.

त्यांचा मुलगा त्यांना फारसं विचारत नाही. नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा यांतून त्याला सवड नसते. शिवाय बापाला असलं काही विचारायची आपल्याकडं रीत नाही. विचारतो तो नातू. पण त्याला विचारायचं सुचतं, तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. कोपऱ्यातली आरामखुर्ची रिकामी झालेली असते.

अशा माणसांची नावं इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत. पुस्तकात तह येतात, सनावळ्या येतात, फार तर ‘लाखो लोक बेघर झाले’ असं एखादं वाक्य येतं. मुलं परीक्षेपुरतं ते पाठ करतात. त्या लाखांतला एक जण आपल्याच घरात, आपल्याच पंक्तीला बसून जेवतो आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

गेल्या काही वर्षांत मात्र या विसरलेल्या माणसांना एक अनपेक्षित जागा मिळाली आहे. ती जागा म्हणजे पोरांचे गेम! त्यातही डोळ्यांवर डबा चढवून खेळायचे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’चे गेम. एरवी हा डबा लावून पोरं हवेत तलवारी फिरवतात, नाहीतर खोट्या बंदुकांचे बार काढतात. बघणाऱ्या आजीला वाटतं, पोराला झालं तरी काय? पण त्याच डब्यात कुणी एका स्थलांतरित शेतकऱ्याचं आयुष्य उभं केलं, कुणी कचरा उचलणाऱ्या कामगारांचा संप, तर कुणी फाळणीत सुटलेलं गाव. आणि यातले दोन प्रयोग करणारे तरुण कोण होते? न बोलणाऱ्या आजोबांचे नातू!

या डब्याची जादू तशी जुनीच आहे. माणसाचे दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात. मेंदू ती दोन चित्रं जुळवतो आणि आपल्याला जवळचं-लांबचं कळतं. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपच्या मदतीनं हे सिद्ध करून दाखवलं. गोल चकती घालून, खटका दाबत ताजमहाल पाहायचा तो ‘व्ह्यू-मास्टर’ आठवतो? तोही याच तत्त्वावर चालायचा. आजचा हेडसेट त्याचाच वंशज. यात प्रत्येक डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं. शिवाय डोकं कोणत्या बाजूला वळलं, याची नोंद घेणारी यंत्रणा आत बसवलेली असते. मान वळली, की चित्रही त्याच क्षणी वळतं. त्यासाठी पडद्यावरचं चित्र सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहूनही अधिक वेळा बदलावं लागतं. त्यात जराशी दिरंगाई झाली, तर घाटात बस लागावी तसं मळमळायला लागतं.

यात दोन प्रकार आहेत. एक चित्रपटाचा. चहूबाजूंना भिंगं असलेल्या कॅमेऱ्यानं एखादी जागा टिपायची. मग पाहणारा तिथं उभा राहून मागं-पुढं, वर-खाली हवं तिकडं पाहू शकतो. दुसरा प्रकार गेमचा. यात जागा आणि माणसं संगणकावर घडवलेली असतात. पाहणाऱ्याला तिथं चालता येतं, वस्तू उचलता येतात, कुणाच्या हातात काही देता येतं. विसरलेल्या माणसांच्या गोष्टीला हा दुसरा प्रकार विशेष मानवतो. कारण त्यांच्या आयुष्यात मोठी भाषणं नसतात, दरबार नसतात. असतं ते हातांनी केलेलं काम.

योनेझो ओकिता यांचंच पाहा. १९३५ मध्ये हा तरुण जपानमधल्या हिरोशिमाचं घर सोडून कॅनडाला गेला. परक्या देशात त्यानं बस्तान बसवलं, संसार थाटला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अशी हजारो जपानी कुटुंबं होती. कुणी मासेमारी करत, कुणी फ्रेझर नदीच्या खोऱ्यात बेरीची शेती करत. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि हे कालपर्यंतचे शेजारी रातोरात शत्रू ठरले. १९४२ पासून सुमारे २२ हजार जपानी वंशाच्या माणसांना किनाऱ्यावरून उठवण्यात आलं. त्यातले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. सुमारे १२०० मासेमारी बोटी जप्त झाल्या. घरं, शेतं, दुकानं सरकारनं ताब्यात घेतली आणि मालकांना न विचारता विकून टाकली. माणसांना छावण्यांत ठेवलं, कित्येकांना अल्बर्टा आणि मॅनिटोबा प्रांतांतल्या साखर-बीटच्या शेतांवर राबायला धाडलं. युद्ध १९४५ मध्ये संपलं, तरी त्यांना किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली ती १ एप्रिल १९४९ रोजी. आणि दरम्यानच्या काळात मागं राहिलेल्या हिरोशिमाचं काय झालं, ते तर साऱ्या जगाला ठाऊक आहे.

कॅनडाच्या सरकारनं याबद्दल माफी मागितली, पण त्यासाठी १९८८ साल उजाडावं लागलं. हयात असलेल्या प्रत्येकाला २१ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई देण्यात आली. पैसे मिळाले. पण जे घडलं ते घरात बोलायची सवय अनेक कुटुंबांना कधी लागलीच नाही. कारण अपमान गिळून जगलेल्या माणसांना एकच वाटत होतं. मुलांनी शिकावं, मोठं व्हावं, हे ओझं त्यांच्या पाठीवर नको.

योनेझोंचा नातू रँडल ओकिता हा कलावंत आहे. त्यानं ‘द बुक ऑफ डिस्टन्स’ हा व्हर्च्युअल रिॲलिटीचा प्रयोग केला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं त्याची निर्मिती केली आणि २०२० मध्ये तो अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. यात रँडल स्वतः पाहुण्याचं बोट धरून आजोबांच्या आयुष्यातून फिरवतो. पाहुण्यानं नुसतं बघत उभं राहायचं नाही. त्यानं कामाला हात लावायचा, वस्तू उचलून द्यायच्या, घरच्या मंडळींचा फोटो काढायचा, जुनी पत्रं आणि कागदपत्रं हातात धरून न्याहाळायची.

यातली विशेष गोष्ट अशी, की रँडलनं सगळं हुबेहूब दाखवायचा अट्टहास धरलेला नाही. जग उभं राहतं ते नाटकाच्या नेपथ्यासारखं. जे आजोबांनी सांगितलंच नाही, ते नातवाला कल्पनेनंच भरावं लागलं आणि ही कल्पना आहे, हे तो लपवत नाही. प्रामाणिक माणूस पूर्वजांची गोष्ट सांगताना ‘असं झालं असावं’ म्हणतो ना, तसंच. आजोबांचं मौन त्यानं पुसून टाकलेलं नाही. त्या मौनाभोवती जागा मोकळी ठेवली आहे.

प्रत्येक गोष्टीला असा नातू मिळतोच असं नाही. काही वेळा ते काम एखाद्या शिक्षकाला करावं लागतं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं नाव घेतलं, की लोकांना मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. ४ एप्रिल १९६८ रोजी तिथल्या लोरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली. पण किंग त्या शहरात गेले होते कशासाठी? कचरा उचलणाऱ्यांसाठी!

१ फेब्रुवारी १९६८ चा दिवस. पाऊस कोसळत होता. इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघंही चिरडले गेले. गाड्या जुनाट होत्या, मजुरी तुटपुंजी होती, तक्रारींना दाद नव्हती. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर फक्त चार शब्द होते, ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे! किंग यांच्या हत्येनंतर बारा दिवसांनी, १६ एप्रिलला संप मिटला. कामगारांची संघटना महापालिकेला मान्य करावी लागली. किंग यांचं नाव जगभरातल्या रस्त्यांना दिलं गेलं. कोल आणि वॉकर ही नावं मात्र फार थोड्यांना माहीत आहेत.

डेरेक हॅम या प्राध्यापकानं २०१८ मध्ये, या घटनेला पन्नास वर्षं होत असताना, ‘आय ॲम अ मॅन’ याच नावाचा व्हर्च्युअल रिॲलिटीचा प्रयोग केला. यात पाहणारा किंग होत नाही. तो होतो सफाई कामगार. जुनी छायाचित्रं, चित्रफिती आणि आवाज यांच्यामधून तो १९६८ च्या मेम्फिसमध्ये वावरतो. गेममध्ये पोरांना नेहमी नायक व्हायचं असतं. इथं व्हायचं ते रस्त्यावरचा साधा माणूस. हाच या प्रयोगाचा मोठा धडा.

आता आपल्या घरात येऊ. कारण विसरलेल्या माणसांचा सर्वांत मोठा जथा आपल्याच देशात आहे.

सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्याआधी त्यांनी हा देश पाहिलेलाही नव्हता. जेमतेम पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालच्या नकाशावर रेघ ओढली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर! सुमारे दीड कोटी माणसं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं गेली. किती जण मारले गेले, याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. आकड्यांतली ही तफावतच सांगते, की कुणी कुणाला मोजलं नव्हतं.

१९४७ मध्ये सात वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्याला गल्ली आठवते, शाळा आठवते, घरासमोरचं झाड आठवतं. पण तिथं जाणं त्याच्या हातात नाही. दोन्ही देशांमधला व्हिसा मिळवणं ही तरुण माणसाचीही दमछाक करणारी गोष्ट. गुडघे धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यानं ती खटपट कधी करायची?

यावर ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या काही तरुण-तरुणींनी २०१८ मध्ये एक तोड काढली. त्यांत भारतीय होते, पाकिस्तानीही होते. उपक्रमाचं नाव त्यांनी ठेवलं ‘प्रोजेक्ट दास्तान’. माणूस गावी जाऊ शकत नाही ना? मग गाव माणसापाशी आणायचं! आधी त्या वृद्धाशी सविस्तर बोलायचं. मशीद कुठं होती, विहीर कुठं होती, शाळेला कोणत्या रस्त्यानं जायचात? त्या आठवणींवरून सीमेपलीकडच्या स्वयंसेवकांनी गाव हुडकायचं, चहूबाजूंनी टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं ते चित्रित करायचं आणि ते हेडसेटमधून त्या वृद्धाला दाखवायचं. फाळणीच्या ७५ व्या वर्षापर्यंत ७५ जणांना त्यांचं गाव दाखवायचं, असा संकल्प होता. मध्येच कोरोनाची साथ आली आणि प्रवास बंद पडले. ज्यांना दाखवायचं ते ऐंशीच्या पुढचे, त्यामुळं हाती वेळही थोडा होता.

या उपक्रमातला स्पर्श आहुजा हा तरुणही फाळणीत उखडलेल्या एका आजोबांचा नातू. त्याचे आजोबा लहानपणी आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबमधून भारतात आले होते. स्पर्श आणि एरफान सादाती यांनी मिळून ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ हा व्हर्च्युअल रिॲलिटीचा ॲनिमेशनपट दिग्दर्शित केला. २०२२ च्या सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला. गोष्टीत दोन म्हातारे पटावरचा खेळ मांडून बसले आहेत. एक हिंदू, पाकिस्तानातून भारतात आलेला. दुसरा मुसलमान, भारतातून पाकिस्तानात गेलेला. एकाला आवाज दिला आहे आपल्या आदिल हुसेन यांनी, दुसऱ्याला पाकिस्तानचे ज्येष्ठ अभिनेते सलमान शाहिद यांनी. खेळता खेळता दोघं लहानपणच्या आठवणी काढतात आणि १९४७ चा तो प्रवास पाहणाऱ्याच्या भोवती उलगडत जातो. दोघांची वाट उलट दिशेची. भीती मात्र एकच.

पंचवीस वर्षांचा मुलगा हा हेडसेट लावतो, तेव्हा काही मिनिटांसाठी का होईना, आजोबा त्याच्यासाठी म्हातारे राहत नाहीत. भेदरलेलं सात वर्षांचं पोर होतात. नात्यातला हा फेरबदल पुस्तक वाचून सहसा होत नाही.

पण म्हणून सगळंच गोड मानून घ्यायचं का? नाही. या डब्याविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे. क्रिस मिल्क या अमेरिकी दिग्दर्शकानं २०१५ मधल्या एका गाजलेल्या भाषणात व्हर्च्युअल रिॲलिटीचं वर्णन दुसऱ्याचं सुखदुःख जाणवून देणारं यंत्र असं केलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण निर्वासिताला त्याच्या गाडीतून हवं तेव्हा उतरता येत नव्हतं. इथं जीव घाबरा झाला, की डबा काढून ठेवायचा, पाणी प्यायचं आणि जेवायला बसायचं. पंधरा-वीस मिनिटांत ‘मला फाळणी कळली’ असं जर कुणी म्हणू लागलं, तर त्याला काहीच कळलं नाही असं समजावं.

दुसरी शंका खऱ्या-खोट्याची. वाचलेलं विसरतं, पण पाहिलेलं मनात घट्ट बसतं. कुणाच्या घराचा दरवाजा हिरवा होता की निळा, हे ठाऊक नसलं तरी गेम करणाऱ्याला कोणता तरी रंग द्यावाच लागतो. आज रंग, उद्या संवाद, परवा एखादा खलनायक! राजकारण्यांच्या हाती हे खेळणं पडलं, तर ते त्यात आपल्याला हवा तो शत्रू भरतील, ही भीतीही अनाठायी नाही. म्हणूनच ‘हे मला ठाऊक आहे’ आणि ‘हे मी कल्पिलं आहे’ यांतला फरक उघड ठेवणारा ओकितासारखा माणूस महत्त्वाचा वाटतो.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. काही मौनं मोडायची नसतात. फाळणीत दोन्ही बाजूंच्या हजारो बायका पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत आणण्यासाठी भारत सरकारनं १९४९ मध्ये खास कायदा केला. त्या कायद्यानं बाईला ‘तुला परत जायचं आहे का?’ असं विचारायची गरज मानली नाही. परत आलेल्या कित्येकींना घरच्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही. ज्यांना घरात घेतलं, त्यांच्याविषयी पुन्हा कधी बोलणं झालं नाही. उर्वशी बुटालिया यांनी ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ या १९९८ मधल्या पुस्तकात अशी माणसं बोलती केली. त्यासाठी त्या वर्षानुवर्षं घरोघर जाऊन बसल्या, ऐकत राहिल्या. एखाद्या आजीनं सत्तर वर्षं जपलेलं दुःख नातवाच्या खेळात उतरावं का, हे ठरवायचा हक्क फक्त त्या आजीचा. ती नाही म्हणाली, तर विषय तिथंच संपला पाहिजे.

हेडसेट डोळ्यांवर चढवतानाही हे भान लागतं. वयस्कर माणसाला आत गरगरू शकतं, तोल जाऊ शकतो. जुनं गाव समोर आलं, की रडू फुटू शकतं. कधी उलटही होतं. गाव इतकं बदललेलं असतं, की ओळखीची एक खूण सापडत नाही. अशा वेळी शेजारी खुर्ची ओढून, हातात हात घेऊन बसणारं घरचं माणूस हवंच. ते काम कोणतंही यंत्र करत नाही.

थोडक्यात काय, तर डबा ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे प्रश्न. योनेझोंच्या नातवानं विचारपूस केली नसती, जुने कागद धुंडाळले नसते, तर संगणकात भरायला काही हाती लागलंच नसतं. गुनीता सिंग भल्ला या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचंही असंच झालं. २००८ मध्ये त्या हिरोशिमाच्या स्मारकात गेल्या होत्या. बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या हकिगती तिथं त्यांनी ऐकल्या आणि फाळणीबद्दल असं काहीच नाही, हे त्यांना खटकलं. त्यांची स्वतःची आजी लाहोरहून निघून आलेली. भल्लाबाईंनी साधा कॅमेरा घेतला आणि वृद्धांना बोलतं करायला सुरुवात केली. त्यातून ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ उभं राहिलं आणि त्यात दहा हजारांहून अधिक मुलाखती जमा झाल्या. यात हेडसेट कुठंच नव्हता. होता तो आजीचा आवाज.

असे आवाज आपल्या आसपासही आहेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कराचीहून बोटींनी मुंबईला उतरली. कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कराचीत मराठी माणसंही होती. तिथल्या सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. त्या शहरात जन्मलेली एखादी आजी आज पुण्यात, इंदुरात, बडोद्यात किंवा डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून शेंगा सोलत असेल. तिला विचारलं आहे कुणी?

विचारायचीही एक रीत असते. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं एकदम विचारलं, तर म्हातारी माणसं गोगलगायीसारखी आत जातात. त्यापेक्षा साधं विचारावं. घराचं दार कोणत्या दिशेला होतं? पाणी कुठून भरायचात? शेजारी कोण राहायचं? निघताना बरोबर काय घेतलंत? मागं काय राहिलं? एक दार उघडलं, की मागची खोली आपोआप दिसायला लागते. मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवावा. गावाचं, तालुक्याचं नाव नीट लिहून घ्यावं. थकले, गप्प झाले, तर तिथंच थांबावं आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पुन्हा बसावं. यातून उद्या गेम होईल, न होईल. घरातल्या पोरांना आपण कुठून आलो ते कळलं, तरी पुष्कळ झालं.

स्पर्श आहुजानं तेच केलं. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं गाव शोधत तो २०२१ मध्ये पाकिस्तानात गेला. १९४७ च्या दंगलीत जमाव चालून आला, तेव्हा त्या गावच्या मुसलमान प्रमुखानं आजोबांच्या कुटुंबाला संरक्षण दिलं होतं. तो प्रमुख केव्हाच वारला होता, पण त्याचे वंशज गावात होते. ज्यांना वाचवलं त्यांचा नातू आणि ज्यानं वाचवलं त्याच्या घरची माणसं समोरासमोर आली. ती भेट घडली, कारण दिल्लीतल्या एका घरात कधीतरी एका मुलानं आजोबांना त्यांच्या गावाचं नाव विचारलं होतं, आणि आजोबांनी ते सांगितलं होतं.